वेंगुर्ल्याचा इतिहास लिहायला घेताना

सप्रेम आशीर्वाद.

वेंगुर्ले नगरपरिषदेचा इतिहास लिहिण्याचा तुझा मनोदय कळला आणि फार बरे वाटले. तू पाठवलेल्या आराखड्यात वखार आहे, बंदर आहे, नगराध्यक्षांची यादीही आहे. मात्र माणसे इथे कुठून आली आणि इथून कुठे गेली, यावर एकही प्रकरण नाही, आणि माझ्या मते या गावाचा इतिहास त्यातच आहे.

1637 च्या सुमारास डचांनी इथे वखार घातली. तिच्या बिनछपराच्या भिंती अजून उभ्या आहेत, पण डच व्यापारापुरते आले आणि निघून गेले. राहिले ते किनाऱ्यावर मासेमारी करणारे गाबीत, माडांवर चढणारे भंडारी आणि गोव्यात धर्मांतराची सक्ती सुरू झाल्यावर इकडे सरकलेली सारस्वत कुटुंबे. वाडीवाडीत तुला "आम्हीच मूळचे" हे वाक्य ऐकू येईल. मी एका स्मरणिकेत एका घराण्याचे असेच सांगणे पडताळणी न करता छापले होते. महिन्याभराने व्हाळापलीकडचे एक वृद्ध गृहस्थ जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले मोडी खरेदीखत घेऊन माझ्या ओटीवर आले, आणि त्यावरचे साल माझ्या छापील सालाहून जुने होते. तेव्हापासून कागद पाहिल्याखेरीज मी साल लिहीत नाही. तूही लिहू नकोस.

1812 मध्ये हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले आणि बेळगावच्या छावणीचा माल इथे उतरून बैलगाड्यांनी घाट चढू लागला. नगरपालिका 1870 च्या दशकातली, म्हणजे त्याच भरभराटीतली. पुढे 1888 मध्ये गोव्यातले मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले, व्यापार तिकडे वळला आणि तरुण मुंबईच्या वाटेला लागले. 1901 मध्ये सुमारे 19 हजार असलेली लोकसंख्या 2011 मध्ये 12 हजारांच्या आसपास उरलेली दिसते. हे आकडे शेजारी मांडण्याआधी दोन्ही वेळी शहराची हद्द तीच होती का, हे तपासून घे.

घरपट्टीची जुनी रजिस्टरे पाहायला मिळाली, तर मालकाच्या नावापुढे "मुक्काम मुंबई" कुठल्या सालापासून दिसू लागते, ते वाडीवार टिपून ठेव. बंद घरांच्या नोंदी गणेशचतुर्थीपर्यंत तशाच राहू देत. त्या दिवसांत कुलपे निघतात, चाकरमानी ओटीवर बसलेले असतात आणि पेटीतले कागदही मागितले तर बाहेर येतात. मी तेव्हा गावातच असेन; मोडी वाचायला तुझ्याबरोबर येईन.