लाभार्थी आधी गेला, मृत्युपत्र करणारा नंतर

ताई, तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडतो. सासऱ्यांनी 2012 साली मृत्युपत्र करून स्वतःच्या कमाईचा पुण्यातला फ्लॅट तुमच्या मिस्टरांना लिहून दिला. मिस्टर 2021 मध्ये गेले, सासरे गेल्या वर्षी. सासूबाई, दीर, नणंद आहेत, तुम्हाला एक मुलगी. आता दीर म्हणतात, "ज्याला दिलं तोच राहिला नाही, मृत्युपत्र बाद. चौघांत वाटणी करू."

दीर अर्धंच बरोबर बोलतायत. तूर्त कशावरही सही करू नका.

त्यांचं अर्धं म्हणजे भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 याचं कलम 105. लाभार्थी मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधी वारला, तर त्याला दिलेलं पडतं. ते 'उरलेल्या मिळकतीत' जातं, आणि तिचं काय करायचं हे लिहिलेलं नसेल तर नेहमीच्या वारसांना. पण कलम 109 आहे ना पुढे! लाभार्थी हा मृत्युपत्र करणाऱ्याचं मूल किंवा नातवंड असेल, आणि मृत्युपत्र करणारा गेला त्या दिवशी त्या लाभार्थ्याचं मूलबाळ हयात असेल, तर देणगी पडत नाही. मुलगा वडिलांच्या मागोमाग वारला असं कायदा धरून चालतो. तुमची मुलगी आहे म्हणून फ्लॅट वाचला. ती नसती, तर दीर खरे ठरले असते.

आता लोक हमखास चुकतात ती जागा. फ्लॅट थेट नातीच्या नावावर जात नाही. तो तुमच्या मिस्टरांच्या मिळकतीत येतो आणि तिथून त्यांच्या वारसांकडे जातो. मिस्टरांनी स्वतःचं मृत्युपत्र केलं होतं का? कपाट, बँकेचं लॉकर, एलआयसीची फाईल, सगळं बघा. त्यात सगळं तुम्हाला दिलेलं असेल, तर फ्लॅट पूर्ण तुमचा. नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्यांचे वर्ग 1 चे वारस तीन: तुम्ही, मुलगी आणि त्यांची आई. म्हणजे सासूबाईंना एक तृतीयांश. हे ऐकून वाईट वाटेल, पण दिरांच्या हिशेबाशी ताडून बघा. त्यांच्या वाटणीत सासूबाई, दीर, नणंद यांना पाव-पाव, आणि उरलेल्या पावात तुम्ही आणि मुलगी, म्हणजे प्रत्येकी एक अष्टमांश. मृत्युपत्र टिकलं तर तुम्हा दोघींचे मिळून दोन तृतीयांश.

सासूबाईंशी संबंध चांगले असतील, तर त्यांचा हिस्सा त्या हयातीतच नातीला देऊ शकतात, बक्षीसपत्राने किंवा मृत्युपत्राने. नाहीतर त्यांच्यानंतर त्यात दीर-नणंद येतात. नातीलाही तिच्या वडिलांच्या जागी वाटा मिळतो, तुम्हाला नाही.

109 चा आधार फक्त सरळ वंशजांना आहे, हे आमच्या घरात फार महागात पडलं. माझी मावशी शिक्षिका, लग्न केलं नाही. तिने सांगलीतलं घर भाच्याला, म्हणजे माझ्या मामेभावाला लिहून दिलं. मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही, पण तिचा विश्वास 100 रुपयांच्या स्टँपवर. साडीच्या दुकानाच्या पिशवीत घडी करून ठेवलेला तो कागद मी स्वतः वाचला. घराबद्दल एकच ओळ: 'माझ्या पश्चात सदर घर चि. भाच्यास मिळावे.' तो हयात नसेल तर कोणाला, याचा एक शब्द नाही. भाचा तिच्या आधी आठ महिने गेला. त्याला दोन मुलं होती, पण तो मावशीचा वंशज नव्हे, त्यामुळे 105 लागलं आणि घर मामाला आणि माझ्या आईला निम्मं निम्मं आलं. मावशीला शेवटची तीन वर्षं आंघोळ घालणारी मामेभावाची बायको मात्र कागदावर कुठेच नव्हती. मृत्युपत्राचा कागद तयार करून देणाऱ्या लेखनिकाने पैसे पानावर घेतले होते, आणखी एक ओळ फुकट मावली असती.

तुमच्याही मृत्युपत्रात 'मुलगा हयात असेल तरच' असं काही आहे का, ते नीट वाचा. असा वेगळा हेतू स्पष्ट लिहिला असेल, तर 109 चालत नाही.

क्रम उलटा असता, म्हणजे सासरे आधी आणि मिस्टर नंतर, पण फ्लॅट नावावर व्हायच्या आत, तर भांडणच नव्हतं. साधी, बिनअटीची देणगी मृत्युपत्र करणारा गेला त्याच दिवशी लाभार्थ्याची होते (कलम 104). फेरफार दहा वर्षं रखडला तरी हक्क जात नाही. म्हणून दोन्ही मृत्यूचे दाखले आधी हातात घ्या, तारखांवरच सगळं उभं आहे.

सोसायटीत नॉमिनी म्हणून दिरांचं नाव आहे, ते फार मनावर घेऊ नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात शेअर्सबाबतही हेच सांगितलं. पण सोसायटीला आजच लेखी हरकत द्या, आणि पोच घ्या.

हे सगळं हिंदू कुटुंबापुरतं. मुस्लिम कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, आणि गोव्यातल्यांनी तर हे उत्तर वापरूच नये, तिथे कायदाच निराळा.

मूळ मृत्युपत्र कोणाकडे आहे, आणि दोघा साक्षीदारांपैकी कोण हयात आहे, तेवढं कळवा. दिरांकडे मूळ प्रत असेल तर पुढचं पाऊल वेगळं पडेल.