घराचे कागद बँकेत नेण्याआधी

तुझा मेसेज रात्री वाचला आणि शेवटच्या ओळीवर अडकले : ‘ताई, बाबा पुढच्या आठवड्यात शहापूरच्या घराचे कागद बँकेत नेणार आहेत.’ म्हणून आधी एवढंच सांगते, घर तारण ठेवण्याआधी त्यांना महिनाभर थांबायला सांग. बाकीचं सविस्तर लिहिते.

तू व्हीटीयूच्या, म्हणजे कर्नाटकातल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या सातव्या सेमिस्टरला आहेस, सीजीपीए ७.६. हातात बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्याची महिना १८,००० ची ऑफर आहे. एजंटानं जर्मनीतल्या एका खासगी विद्यापीठाचं दोन वर्षांचं मास्टर्स सुचवलंय : फी २४ लाख, राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा, शिकवणं सगळं इंग्रजीत, ‘जर्मन यायची गरज नाही’. तुझा प्रश्न, एवढा पैसा घालून तो परत निघतो का?

मी जर्मनीतच मास्टर्स करून इथं नोकरी करते, म्हणून सांगते : मास्टर्सचा पैसा निघतो. एजंट दाखवतोय त्या वाटेनं निघेल असं मात्र मला वाटत नाही.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत आपल्यालाही शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य परदेशी विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही २०२४ च्या हिवाळ्यापासून फी लावली आहे. बाकी ठिकाणी सेमिस्टरला काही शे युरो भरले की झालं, त्यात बऱ्याचदा बसचा पासही येतो. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक खात्यात दाखवावे लागतात आणि त्यातले ९९२ दरमहा तुलाच खर्चाला मिळतात. म्युनिकमध्ये तेवढ्यात भागत नाही, केम्निट्स, माग्देबुर्ग, इल्मेनाऊ अशा गावांत भागतं. आणि इलेक्ट्रिकलचं शिक्षण तिथं चांगलंच आहे.

युरो शंभर रुपये धरू. खात्यातले बारा लाख, आपली डिग्री पडताळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,०००, व्हिसा, तिकीट, थंडीचे कपडे, खोलीचं डिपॉझिट मिळून विमानात बसेपर्यंत चौदा लाख लागतात. दुसरं वर्ष तिथल्या कमाईवर निघू शकतं. एजंटाच्या वाटेनं २४ लाख फी आणि दोन वर्षांचा खर्च मिळून ४८ लाख होतात. व्याज साडेदहा टक्के धरलं तर चौदा लाखांचं महिन्याला सव्वाबारा हजार होतं, अठ्ठेचाळीस लाखांचं बेचाळीस हजार.

आता परतफेड. वर्षाला ५१,००० युरो पगारावर लागलेल्या एकट्या माणसाच्या हातात टॅक्स आणि विमा कापून महिना पावणेतीन हजारांच्या आसपास पडतात. भाडं, खाणं, प्रवास, घरी पाठवायचे थोडे, हे जाऊन मी नऊशे युरो बाजूला काढू शकले, म्हणजे नव्वद हजार रुपये. चौदा लाखांचं कर्ज त्यातून दीड वर्षात फिटतं. अठ्ठेचाळीस लाखांना सहा वर्षं लागतात, शिकत असताना चढलेलं व्याज वेगळंच. आणि हे सगळं डिग्रीनंतर लगेच नोकरी लागली तर. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. ते महिने वाटतात तेवढे लांब नसतात.

सरकारी बँका साधारण साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय देतात. त्यापुढे घर किंवा बिनशेती प्लॉट मागतात, शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. म्हणून तर गोष्ट शहापूरच्या घरावर आली. चौदातले साडेसात असे उभे राहिले तर उरतात साडेसहा. ते घर न अडकवता कसे जमवायचे, हे बाबांबरोबर बसून ठरव.

माझं स्वतःचं एक सांगते. पहिल्या सेमिस्टरला पैशाच्या धास्तीनं मी एका गोदामात रात्रपाळी धरली. पहाटे चारला खोलीवर यायचं आणि आठला हाय व्होल्टेजचं लेक्चर. त्या विषयात नापास झाले. आपल्याकडे बॅकलॉग राहिला तर पुढच्या वेळी निघतो, तिथं बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच प्रयत्न असतात. तिसऱ्यांदा गेलं की त्या कोर्समधून बाहेर. दुसऱ्या प्रयत्नाच्या आदल्या रात्री आईला फोन लावला आणि तिला काहीच सांगता आलं नाही, नुसतं ‘पाऊस आहे का गं?’ एवढंच विचारलं. म्हणून म्हणते, पहिल्या वर्षाचा पूर्ण पैसा हातात असल्याशिवाय निघू नको. पुढे वेर्कश्टुडेंट म्हणून, म्हणजे शिकता शिकता, आठवड्याला वीस तास आपल्याच क्षेत्रातलं काम मिळतं, त्यावर दुसरं वर्ष चालतं.

आता ‘जर्मन यायची गरज नाही’ हे वाक्य. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

मी सबस्टेशनमध्ये प्रोटेक्शन रिले, म्हणजे बिघाड झाला की लाइन तोडायला लावणारी उपकरणं, तपासते. पहिल्या साइटवर कुंपणाच्या दाराशीच सुपरवायझरनं मला पाच सुरक्षा नियम विचारले. इथं प्रत्येक वीज कामगाराला ते झोपेतून उठवलं तरी म्हणता येतात : लाइन तोडा, परत चालू होणार नाही अशी बंद करा, वीज नाही हे तपासा, अर्थिंग आणि शॉर्ट करा, शेजारचे जिवंत भाग झाका. मला पाचही माहीत होते, इंग्रजीतून. पहिले दोन जर्मनमधून सांगितले. तिसऱ्यातला ‘श्पानुंग्सफ्राइहाइट’ (वीज नसणं) हा शब्द तोंडातच अडकला. तो माणूस चिडला नाही. शांतपणे म्हणाला, आत काही झालं तर मी ओरडेन ते जर्मनमध्येच. त्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभी राहून ड्रॉइंग बघितली. खानापुरात आमच्या शेताकडच्या टीसीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, चढण्याआधी लाइनमन तारेवर साखळी टाकायचा, ते आठवलं. तोच चौथा नियम होता, लहानपणापासून डोळ्यांनी बघितलेला.

इलेक्ट्रिकलची खरी फी भाषेत भरावी लागते. चिप डिझाइन किंवा सॉफ्टवेअरकडे वळलास तर इंग्रजीवर निभावतं. पण ग्रिड, सबस्टेशन, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर यांत परवाने, ड्रॉइंग, सूचना सगळं जर्मन. आणि माणसं तिथंच हवी आहेत. शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या. वारा उत्तरेला आणि मोठे कारखाने दक्षिणेला, म्हणून ७०० किलोमीटरची ५२५ केव्ही डीसी केबल जमिनीखालून टाकताहेत, झ्युडलिंक नावाची. हे काम एका वर्षात संपणारं नाही.

भाषेला घाबरू नको. आपण घरी मराठी बोलतो, ऑफिसात कन्नड, लॅबमध्ये इंग्रजी. तू कन्नड व्याकरणाचं पुस्तक घेऊन शिकलास का? बसमध्ये, दुकानात, मित्रांत शिकलास. चौथी भाषा आपल्या पोरांना जड जात नाही, हे मी इथल्या बाकीच्या भारतीय मुलांशी ताडून सांगते.

माझं मत असं : १८,००० ची नोकरी घे, निदान दीड वर्ष. पगाराकडे बघू नको. पॅनल टेस्टिंग, रिले सेटिंग, मेगरनं इन्सुलेशन तपासणं, हे हाताखालून जाऊ दे आणि संध्याकाळी जर्मन कर. परीक्षा पुण्याला किंवा बंगळूरला मॅक्सम्युलर भवनात देता येते. निघताना बी-वन ही पातळी तरी हवी, बी-टू झालं तर उत्तम. माझ्याबरोबरच्या ज्यांना लवकर काम लागलं त्या सगळ्यांकडे कामाचा अनुभव आणि जर्मन, दोन्ही होतं.

अमेरिकेचंही विचारलं होतंस. तिथं फीचा आकडा मोठा आणि नोकरीचा एच-वन-बी व्हिसा लॉटरीवर अवलंबून. घर तारण ठेवून लॉटरी खेळावी असं मी माझ्या सख्ख्या भावाला सांगणार नाही. त्यापेक्षा एकदा गेट ही एम.टेकची प्रवेश परीक्षा मनापासून दे. एम.टेकला महिना १२,४०० स्टायपेंड मिळतो, धारवाडची आयआयटी तुझ्या घरापासून दीड-दोन तासांवर आहे, आणि पॉवरग्रिड ही सरकारी कंपनी गेटच्या गुणांवर भरती करतं. त्यातलं काही जमलं तर जर्मनी चुकलं म्हणून रडायचं कारण नाही.

तुझ्या धाकट्या भावाचं : बारावीनंतर थेट जर्मनीला सहसा घेत नाहीत, आधी स्टुडिएनकोलेग हा तिथला तयारीचा वर्ग किंवा भारतातल्या कॉलेजचं एक वर्ष लागतं. त्याला महाराष्ट्राच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठीची सोय आहे, ती आधी बघा.

आणि कागद आत्ताच तपास. माझ्या जन्मदाखल्यावर जुनं बेळगाव, पासपोर्टवर नवं बेळगावी, आणि माझ्या बाबांच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर कन्नडवरून वेगळंच उतरलेलं. एका कार्यालयात त्यापायी माझे सहा आठवडे गेले.

सातही सेमिस्टरच्या मार्कशीट आणि सिलॅबस पाठव. पॉवर सिस्टिम्स, मशिन्स, कंट्रोल आणि गणिताचे क्रेडिट कुठल्या विद्यापीठाला पुरतात ते मी रविवारी बसून बघते. बाबांना माझा नंबर दे, त्यांच्याशी मी स्वतः बोलेन.