उजळाईवाडीची विमानं आणि बावड्यातलं कोर्ट

प्रश्न : सर, मी शहाजी लॉ कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे. जून 2025 मध्ये अहमदाबादला विमान पडलं तेव्हापासून भरपाईच्या बातम्या वाचतेय आणि एव्हिएशन-इन्शुरन्स लॉमध्येच जायचं ठरवलंय. पप्पा म्हणतात, उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरतात ती विमानं किती, त्यावर वकील काय खाणार, गप वाटणीच्या केसेस घे. मुंबईला जाऊ का? कोर्स कुठला करू?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : पप्पांचं निम्मं बरोबर आहे. निव्वळ विमानांवर कोल्हापुरात कुणाचं घर चालणार नाही, पण तुझ्या प्रश्नातला इन्शुरन्स हा शब्द त्यांनी सोडलाय आणि खरं काम तिथंच आहे. विमान पडलं की भरपाईचा पैसा बहुतेक विमा कंपन्यांकडूनच येतो, त्यांनीही तो धोका पुढं लंडनसारख्या ठिकाणच्या रिइन्शुरन्स कंपन्यांवर (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या) टाकलेला असतो, म्हणजे पॉलिसी बारकाईनं वाचणारा वकील आधी लागतो.

आता गंमत बघ. 2010 च्या मंगळूर विमान अपघातात 158 जण गेले, त्यातल्या एका प्रवाशाच्या घरच्यांना सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये साडेसात कोटींच्या वर भरपाई ठरवली. हिशोब कसा केला? पगार किती, पुढं वाढला असता किती, स्वतःवरचा खर्च वजा, मग वयाप्रमाणं मल्टिप्लायर, म्हणजे उरलेल्या वार्षिक रकमेला ज्यानं गुणायचं तो आकडा. अगं, हाच हिशोब कसबा बावड्यातल्या कोर्टात मोटार अपघाताच्या दाव्यात रोज चालतो, फरक फक्त आकड्याच्या शून्यांचा! गांधीनगरजवळ मोटरसायकलवरून पडून गेलेला 28 वर्षांचा पोरगा असेल तर मल्टिप्लायर 17, आणि पगाराची स्लिप नसेल तर उत्पन्न सिद्ध करताना वकिलाचा घाम निघतो. ते जमलं की विमानाची केस अवघड वाटणार नाही.

विमानाचं वेगळं काय, तर मॉन्ट्रियल करार, म्हणजे विमान कंपनीनं प्रवाशाला किती भरपाई द्यायची ते ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार. आंतरराष्ट्रीय प्रवासात मृत्यू झाला तर 28 डिसेंबर 2024 पासून 1,51,880 एसडीआरपर्यंत (हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे पावणेदोन-दोन कोटींच्या घरात, विमान कंपनीला आमची चूक नव्हती असं म्हणताच येत नाही, त्यावरच्या रकमेला मात्र ती तसा बचाव घेऊ शकते. आणि दोन वर्षांत दावा लावला नाही तर हक्कच संपतो, ही मुदत डोक्यात कोरून ठेव.

विम्याचं काम तर आपल्याकडं भरपूर. 2019 च्या पुरात दुकानांत पाणी शिरलं तेव्हा अॅव्हरेज क्लॉजचा अर्थ लोकांना कळला, म्हणजे विमा मालाच्या किमतीपेक्षा कमी असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी. माल 40 लाखांचा, विमा 20 लाखांचा, नुकसान 10 लाखांचं, तर हातात 5 लाख! मालक म्हणतो मी हप्ता भरलाय की, नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणतो निम्माच भरलाय. असल्या दोन-चार फाइल्स मुळापासून वाच, पुस्तकातून नाही कळत.

मुंबईचं म्हणशील तर लगेच नको. ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मोटार अपघाताची अपिलं इथंच बघायला मिळतील. दोन वर्षांनी विमानांच्या लीजचं, म्हणजे विमानं भाड्यानं देण्याघेण्याचं काम करायचं असेल तर मुंबई-दिल्ली आहेच. 2023 मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली तेव्हा स्वतःची विमानं परत मिळवायला मालक कंपन्यांना किती कोर्टकचेरी करावी लागली ते वाचून काढ, त्यानंतर 2025 मध्ये त्याच्यासाठी वेगळा कायदाही आला.

कोर्स म्हणशील तर हैदराबादच्या नालसार या लॉ युनिव्हर्सिटीचा एव्हिएशन लॉचा दूरशिक्षणातून होतो, आणि इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसेन्शिएट परीक्षा दे, कारण ती दिलेला वकील क्लेमच्या टेबलापलीकडच्या माणसाची भाषा बोलतो. लायडन, मॅकगिल वगैरे परदेशी विद्यापीठं नंतर, खिसा बघून.

सीनियर मात्र असा गाठ जो विमा कंपनीकडूनही उभा राहतो आणि दावेदाराकडूनही. पहिली दोन वर्षं स्टायपेंड तुटपुंजा मिळेल, ते पप्पांना आत्ताच सांगून ठेव, नाहीतर वाटणीच्या केसेसचा विषय दर महिन्याला निघणार.