पंधरावं ॲप नको, आधी एक काढा

निफाड तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "मुलगा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, ८६ टक्के. जूनमध्ये त्याला अठरा हजारांचा फोन घेऊन दिला. अभ्यासाची १४ ॲप्स मी स्वतः टाकून दिली. एकाचे हप्ते दर महिन्याला खात्यातून जातात. रोज दोन तास व्हिडिओ बघतो, तरी मार्क नाहीत. पहिल्या घटक चाचणीत फिजिक्सला २५ पैकी ७. मोबाइलच्या दुकानदाराकडून मी त्याच्या फोनमध्ये एक ॲप बसवून घेतलंय. त्याला ते माहीत नाही, पण त्याच्या फोनवर काय चाललंय ते मला दुकानात बसून दिसतं. त्यावरून कळलं की पोरगा पहाटे साडेपाचला उठून मर्लिन नावाचं पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ॲप चालवतो. अभ्यासासाठी कधी एवढ्या लवकर उठला नाही. एका रात्री तो झोपल्यावर मी ते काढून टाकलं. तेव्हापासून घरात धड बोलत नाही. जेईई आणि सीईटी दोन्ही द्यायच्या आहेत. अजून कोणती चांगली ॲप्स टाकू? माझं कृषी सेवा केंद्र आहे, मला यातलं फार कळत नाही."

नमस्कार भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. तुमच्या १४ ॲप्सच्या यादीपाशी मी फार वेळ थांबले नाही. थांबले ती दुकानदाराने बसवलेल्या ॲपपाशी. ते तुम्ही यादीत धरलंसुद्धा नाही.

ते आजच काढा. पत्र पुढे वाचायच्या आधी काढलंत तरी चालेल.

तुमची काळजी मला कळते. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात फोन देताना कुठल्या आईबापाच्या पोटात गोळा येत नाही? पण काळजी करणं वेगळं आणि चोरून पाहणं वेगळं. मुलाच्या खोलीचं दार उघडं ठेवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे, भिंतीला भोक पाडून बघणं हा नाही. तुम्ही जे पाहिलंत त्यात वाईट काहीच नव्हतं, हेही लक्षात घ्या. मुलगा पहाटे उठून पक्षी ऐकतो, एवढंच तुम्हाला सापडलं. हेच त्याला चहा पिताना विचारलं असतं तर त्याने आनंदाने सांगितलं असतं. कदाचित तुम्हाला अंगणात नेऊन ऐकवलंही असतं.

दुसरी गोष्ट तुम्हाला दुकानदाराने सांगितलेली नसणार. समोरच्याला कळू न देता त्याच्या फोनवर पाळत ठेवणाऱ्या ॲप्सना गूगल प्ले स्टोअरवर परवानगी नाही. मुलांसाठी पालकांनी वापरायची जी ॲप्स तिथे आहेत, त्यांना फोनवर आपण चालू असल्याची सूचना सतत दाखवावी लागते. म्हणजे तुमचं लपलेलं ॲप बहुतेक स्टोअरच्या बाहेरून आलंय, आणि ते बसवताना फोनची प्ले प्रोटेक्ट ही राखण बंद केलेली असण्याचीही दाट शक्यता आहे. अशा ॲपला फोनमधलं जवळपास सगळं दिसू शकतं: मेसेज, फोटो, बँकेचे ओटीपी, टाईप केलेले पासवर्ड. तुम्हाला दुकानात जे दिसतं, ते आधी कुणाच्या तरी सर्व्हरवर जातं. तो सर्व्हर कुणाचा, हे ना तुम्हाला माहीत ना त्या दुकानदाराला. पोराला सांभाळायला म्हणून तुम्ही घराचं दार अनोळखी माणसाला उघडून दिलंत. म्हणून नुसतं ॲप काढून भागणार नाही. प्ले स्टोअरमध्ये जाऊन प्ले प्रोटेक्ट चालू करा. फोटो आणि नोट्स दुसरीकडे उतरवून फोन एकदा पूर्ण रीसेट करा. सगळे पासवर्ड बदला.

आणि हे सगळं त्याला बाजूला बसवून करा. रात्री झोपल्यावर नाही. "तुझ्या फोनमध्ये मी हे टाकलं होतं. तुला विचारलं नाही, ते चुकलं. तुझं पक्ष्यांचं ॲप काढलं, तेही चुकलं." एवढं बोला. बाप चूक कबूल करतो म्हणून धाक कमी होत नाही. त्याच्या मनात तुमच्याबद्दल जे काही साचलंय, त्याला वाट मिळेल. तो चिडेल, कदाचित उठून जाईल. जाऊ द्या. लगेच बाजू मांडायला लागू नका.

नियम हवेतच, पण उघडे. रात्री दहानंतर घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आणि त्यात तुमचाही. कुठल्या ॲपला किती वेळ, हे फोनमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये त्याने स्वतः ठरवावं आणि रविवारी तुम्हाला दाखवावं. सोळाव्या वर्षी स्वतःला आवर घालायला शिकला नाही, तर अठराव्या वर्षी हॉस्टेलवर कोण घालणार?

आता मर्लिनबद्दल. तुम्ही काढलेलं ते ॲप अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी अभ्यास प्रयोगशाळेचं आहे. फुकट आहे, एकदा आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक उतरवून घेतला की इंटरनेटशिवायही चालतं. आवाज ऐकून पक्षी ओळखायची सोय त्यात २०२१ साली आली. ती चालते कशी, हे तुमच्या मुलाला विचारा. ॲप आवाजाचं चित्र काढतं. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता, आणि आवाज जितका मोठा तितका ठसा गडद. मग संगणक ते चित्र ओळखतो, जसा तो फोटोतला चेहरा ओळखतो. तांबटाची टुक्‌टुक्‌ आणि दयाळाची लांबलचक शीळ डोळ्यांनाही वेगळी दिसते. वारंवारता, तरंगलांबी, तीव्रता: अकरावीच्या फिजिक्समधला ध्वनीचा पाठ हाच. ज्या विषयात त्याला ७ मिळाले, त्याच विषयाचा एक तुकडा तो रोज पहाटे आपणहून हातात घेत होता. तुम्ही तोच काढून घेतलात.

लगेच उलटं टोक गाठू नका. "मग याला पक्षीतज्ज्ञच करू का?" हा प्रश्न आत्ता नको. सोळा वर्षांच्या मुलाची आवड ही आवडच राहू द्यावी, तिला लगेच फळं मोजायला लावू नयेत. पुढे वाटलंच तर वाटा आहेत: दापोलीच्या कृषी विद्यापीठातली वनशास्त्राची पदवी, पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था, पदवीनंतर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था. संगणकाकडे गेला तरी आवाज ओळखणारी यंत्रं कुणीतरी बनवायचीच आहेत. निफाडकरांना दूर जायचंही कारण नाही. नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० साली जाहीर झालेलं. थंडीत तिथे त्याला घेऊन जा. एवढंच.

आता फिजिक्सचे ७.

तुमच्या दुकानात शेतकरी येतो आणि म्हणतो, द्राक्षावर काहीतरी आलंय, चौदा औषधं द्या. तुम्ही देता का? तुम्ही म्हणता, आधी पान दाखव. भुरी आहे की डावणी? दोन्हीची औषधं वेगळी. आणि न बघता सगळं एका पंपात कालवलं तर बाग जळेल, हेही तुम्हीच सांगता. पोराच्या बाबतीत मात्र तुम्ही पान न बघता चौदा औषधं मारलीत.

पान मला इथून पूर्ण दिसत नाही, पण तुमच्या पत्रातल्या तीन शब्दांत बरंच दिसलं: "दहावीपर्यंत मराठी माध्यम". दहावीपर्यंत तो वेग, त्वरण, संवेग म्हणत आला. अकरावीत एकदम व्हेलॉसिटी, ॲक्सलरेशन, मोमेंटम. कल्पना त्याच आहेत, पण वर्गात सर बोलत असतात आणि तो मनात शब्द जुळवत बसतो. तोवर फळ्यावरचं समीकरण पुसलेलं असतं. मग तो ॲपवर जातो, तर तिथे कुणीतरी हिंदी-इंग्रजीत दुप्पट वेगाने शिकवत असतं. दहावीत ८५-९० टक्के मिळवलेली मराठी माध्यमाची कितीतरी मुलं अकरावीच्या पहिल्या चाचणीत अशीच आपटतात आणि स्वतःला मठ्ठ समजू लागतात. ती मठ्ठ नसतात. त्यांना सहा महिने लागतात, आणि त्या सहा महिन्यांत घरच्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा असतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश शासनाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. इंग्रजी संज्ञा टाकली की मराठी मिळते. फोनच्या पहिल्या पानावर त्याची खूण करून ठेवा. एका वहीत त्याने रोज दहा शब्द दोन्ही भाषांत लिहावेत. शिवाय जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते. ती कुठल्या भाषेत द्यायची हे तो ठरवेल, पण पर्याय आहे हे त्याला माहीत असू द्या.

एक गैरसमज मात्र मी मुळापासून काढणार आहे, कारण तो तुमच्या एका वाक्यात आहे आणि जवळजवळ प्रत्येक पालकाच्या मनात असतो. तुम्ही लिहिलंय, "रोज दोन तास व्हिडिओ बघतो, तरी मार्क नाहीत." भाऊ, व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास नव्हे. चांगला शिकवणारा समोर असला की सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि समजतंही. पण पेपरात कुणी समजावून सांगत नाही, तिथे आपल्या डोक्यातून बाहेर काढावं लागतं. ते काम व्हिडिओ बघताना होतच नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून मिटवला आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून बघणारे पुढे गेले. आपल्याला चांगलं आठवेल अशी जास्त खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच वाटत होती! तुमचा मुलगा रोज दोन तास तीच खोटी खात्री गोळा करतोय. वीस मिनिटांचा व्हिडिओ, मग फोन उपडा, मग चाळीस मिनिटं वही आणि पेन. बोर्डाचा पेपर आजही हाताने लिहायचा असतो, हेही विसरू नका.

ॲप्सच सांगा, असं तुम्ही म्हणणारच, म्हणून सांगते. चौदा काढा आणि ही ठेवा. दीक्षा: बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड त्यातून स्कॅन करायचा, की त्या धड्याचं साहित्य उघडतं. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, ती उतरवून ठेवा. जेईईच्या सरावासाठी आयआयटी कानपूर आणि शिक्षण मंत्रालयाचं साथी, तेही फुकट. पाठांतरासाठी अँकीड्रॉइड. त्यात प्रश्नांची कार्डं त्याने स्वतः बनवायची. जे कार्ड चुकतं ते लवकर परत येतं, जे येतं ते उशिरा. इतरांनी बनवलेली तयार कार्डं घेऊ नका, बनवण्यातच अर्धा अभ्यास होतो. आणि माझं सगळ्यात आवडतं, फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलंय. फोनमध्ये आधीच असलेले सेन्सर वापरून ते प्रयोग करायला देतं. फोन दोरीला बांधून झोका द्यायचा, तो दोलनकाळ मोजतो, त्यावरून मुलगा गुरुत्वत्वरण काढेल. दोन फोन आणि दोन टाळ्या, की ध्वनीचा वेग. पहाटेच्या तांबटाची वारंवारताही त्यात दिसेल. ज्याला पुस्तकातला आलेख मेलेला वाटतो, त्याने हे एकदा करून बघावं. बसवताना नावाखाली बनवणाऱ्याचं नाव तपासा, सारख्या नावाची भलती ॲप्स खूप असतात.

आणि मर्लिन परत टाका. किंवा त्याला टाकू द्या.

हप्त्याचं ॲप बंद करा. बँकेत जाऊन ऑटो-डेबिट थांबवा आणि करार नीट वाचा, कारण अशा हप्त्यांमागे बऱ्याचदा तुमच्या नावाचं कर्ज असतं. तसं असेल तर नुसता हप्ता थांबवून कर्ज मिटत नाही, कोर्स लेखी रद्द करावा लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेच पालकांना ऑटो-डेबिटबाबत सावध केलं होतं. ते पैसे वाचले तर गावातल्या एखाद्या चांगल्या फिजिक्सच्या सरांकडे आठवड्यातून दोन संध्याकाळी पाठवा. त्याला "सर, हे परत सांगा" असं मराठीत म्हणता येईल असा माणूस हवाय.

जेईई, सीईटी दोन्ही देऊ दे, हरकत नाही. अभ्यासक्रम बराचसा सामायिक आहे, आणि सीईटीत बारावीच्या अभ्यासक्रमाचं वजन मोठं असल्याने वेळ गेलेली नाही.

पुढच्या पत्रात मला ॲप्सची नावं नकोत. त्या चाचणीचा पेपर काढा. २५ पैकी जे १८ गुण गेले, ते कशाने गेले हे प्रश्नागणिक लिहा: प्रश्नच कळला नाही, सूत्र आठवलं नाही, गणित चुकलं की वेळ संपला. पण हे तुम्ही लिहू नका. मुलाला विचारा, त्याची तयारी असेल तर त्यालाच लिहू द्या, मराठीत. आणि त्याने पाकीट चिकटवून दिलं, तर न उघडता टपालात टाका.