मटकीचं गाठोडं गरम का लागतं?

प्रश्न: मोड आणायला मटकी फडक्यात घट्ट बांधून ठेवली होती, सकाळी सोडायला गेले तर गाठोडं हाताला चक्क कोमट! नासली की काय वाटलं पण वास नाही काही नाही, मोडही झकास. मुलगा दहावीत आहे, तो म्हणतो मटकी श्वसन करतेय. पण झाडं श्वसन फक्त रात्री करतात ना, दिवसा प्रकाशसंश्लेषण?
– एक वाचक, कराड

उत्तर: ताई, मुलगा बरोबर बोलतोय, बिनधास्त उसळ करा.

कोरडी मटकी डब्यात पडून असते तेव्हा तिचं श्वसन अगदी नावापुरतं, पाणी मिळालं की ते जोरात सुरू होतं. दाण्यातल्या स्टार्चची साखर होते, पेशी ती ऑक्सिजन वापरून टप्प्याटप्प्याने मोडतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर पडतं आणि सुटलेल्या ऊर्जेतली साधारण ३० ते ४० टक्के एटीपी नावाच्या, पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूत अडकते, त्यावर मोड वाढतो. बाकीची उष्णता होऊन जाते, आणि तुम्ही फडकं घट्ट बांधलेलं, मग जाणार कुठे ती? मुलाला म्हणावं एका थर्मासात मोडाची आणि दुसऱ्यात उकडून गार केलेली मटकी रात्रभर ठेव, सकाळी थर्मामीटर लाव, फरक दिसेल.

आता दिवस-रात्रीचं. श्वसन चोवीस तास चालूच असतं, फक्त उन्हात पानांचं प्रकाशसंश्लेषण त्याच्यापेक्षा कितीतरी जोरात असल्यामुळे एकूण हिशोबात ऑक्सिजनच बाहेर पडताना दिसतो. हिरवी पानं उजेडातच ऑक्सिजन देतात, अंधारात नाही, हे यान इंगेनहाउझ नावाच्या डच डॉक्टरने 1779 मध्येच दाखवलं होतं.

तुमचे मोड तर पांढरे, हरितद्रव्यच नाही, म्हणजे कमाई शून्य आणि नुसता खर्च. हा खर्च चाललाय तो पावसाळ्यात शेतातल्या वेलाने ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जे बनवून दाण्यात भरलं त्यातून, म्हणजे हाताला लागली ती ऊब गेल्या खरिपातल्या उन्हाचीच म्हणायची. मोड आल्यावर मटकी वजनाला भरते ते पाण्यामुळे, पूर्ण वाळवून तोललीत तर मूळ दाण्यांपेक्षा थोडी कमीच भरेल.

आणि एक, भिजल्यावर पाणी पूर्ण निथळू द्या. बुडून राहिली तर आत हवा पोचत नाही, मग आंबट वास सुटतो. मोड हवे तेवढे आले की फ्रीजमध्ये टाका, गारव्याने श्वसन मंदावतं, नाहीतर ते दाणा खात खात लांबतच जातात.