वाचकांचे कायदेविषयक प्रश्न : जमीन वाहून गेली, गाव सुटले, कायदा कोणता?

प्रश्न : आमचे गाव गेवराई तालुक्यात सिंदफणेच्या काठी आहे. दुष्काळात विहीर आटली, मोसंबीची बाग वाळली, तेव्हा धाकटा भाऊ चाकणला कामाला गेला. सप्टेंबर 2025 च्या पुरात उरलेली जमीन खरडून गेल्यावर आम्हीही गाव सोडले. जायकवाडीत गाव गेलेल्या आमच्या पाहुण्यांना धरणग्रस्त म्हणून पुनर्वसनाचा हक्क मिळाला. तसा हवामानबदलाने विस्थापित झाल्याचा दाखला आम्हाला मिळेल का? पंचनाम्याच्या वेळी गावात नव्हता, असे सांगून आमचे नाव यादीतून वगळण्यात आले आहे.
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : असा दाखला देणारा कायदा आज आपल्याकडे नाही. धरणग्रस्ताच्या बाबतीत जमीन सरकार घेते, म्हणून 2013 चा केंद्रीय भूसंपादन कायदा आणि राज्याचा 1999 चा प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा सरकारवर जबाबदारी टाकतात. पाऊस पडला नाही किंवा नदीने शेत नेले, तर घेणारा कोणी नाही, आणि त्यामुळे पुनर्वसनाची जबाबदारीही कोणावर येत नाही. नुकसान दोघांचे सारखे असले तरी कायद्याच्या दृष्टीने एक हक्कदार ठरतो आणि दुसरा केवळ मदतीस पात्र. माझ्या मते खरी उणीव इथेच आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्याचाही आपल्याला उपयोग नाही. 1951 चा निर्वासितविषयक करार स्वतःच्या देशाबाहेर पडलेल्यांसाठी आहे. त्यात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून होणारा छळ गृहीत धरला आहे, आणि भारताने त्यावर सही केलेली नाही. देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांची 1998 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत व त्यांत नैसर्गिक आपत्तीचा स्पष्ट उल्लेखही आहे, पण ती बंधनकारक नाहीत.

मग हाती काय उरते? आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005. त्याच्या कलम 12 मध्ये निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, आरोग्यसेवा व आर्थिक साहाय्य यांच्या किमान निकषांची तरतूद आहे, तर गंभीर आपत्तीत कर्जफेडीत सवलत किंवा सवलतीच्या अटींवर नवे कर्ज देण्याची शिफारस करता येईल, असे सांगणारे कलम 13 मात्र 2025 च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. दुष्काळ हीसुद्धा या कायद्याखालची आपत्ती आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्वराज अभियानाच्या याचिकेवर स्पष्ट केले. पुढे 2024 मध्ये माळढोक पक्ष्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 14 व 21 मध्ये सामावलेला असल्याचे म्हटले. तत्त्व म्हणून हा निकाल मोठा आहे, पण त्याच्या आधारे उद्या तहसीलमध्ये पुनर्वसनाचा अर्ज मंजूर होईल, अशी आशा बाळगू नये.

आपल्या पंचनाम्याविषयी मात्र ठामपणे सांगता येते. खरडून गेलेल्या जमिनीची मदत जमिनीशी आणि खातेदाराशी जोडलेली असते. खातेदार त्या आठवड्यात चाकणला होता की गावात, यावरून जमिनीचे नुकसान कमी-जास्त होत नाही. सातबारा, आठ-अ आणि शेताची छायाचित्रे जोडून तहसीलदारांकडे लेखी हरकत नोंदवा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का घ्या, आणि पंचनाम्याची व यादीची प्रत माहिती अधिकारात मागा. तिच्यासाठी 30 दिवसांची मुदत आहे. तोंडी नकारावर अपील करता येत नाही, म्हणून जे उत्तर असेल ते लेखीच घ्यावे. ई-केवायसी राहिली असेल तर तीही उरकून घ्या, कारण मंजूर रक्कम त्यापायीही अडकते.

आपल्याकडे निदान सातबारा आहे. त्याच शेतात तोंडी बोलीवर बटईने राबणारा, किंवा शेतमजुरीवर जगणारा, पुरानंतर गाव सोडतो तेव्हा त्याचे नुकसान कोणत्याही रकान्यात बसत नाही. मराठवाड्यातून सर्वांत आधी बाहेर पडतो तो हाच माणूस, आणि उद्या कधी विस्थापितांचा कायदा झालाच, तर त्याची सुरुवात सातबाऱ्यापासून होता कामा नये.

प्रश्न : पाणी नसल्याने आम्ही दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातो. मुलगी पाचवीत आहे. दाखला आणल्याशिवाय कारखान्याजवळच्या शाळेत घेत नाहीत.
– एक वाचक, ता. केज

उत्तर : शाळेला असे अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 नुसार जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा असतो, आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता वा नाकारता येत नाही. अर्ज लेखी द्यावा, त्यात या कलमाचा उल्लेख करावा, आणि तरीही नकार मिळाला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी. मुलीला आजीजवळ गावीच ठेवणार असाल, तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, हे तोडीला निघण्यापूर्वीच शाळेत विचारून घ्यावे. रेशनसाठी मात्र कार्ड बदलण्याची गरज नाही. आधार जोडलेले असल्यास तेच कार्ड कारखान्याजवळच्या रास्त भाव दुकानातही चालते.