चार अंकी ६१७४ सारखी तीन अंकी संख्या कोणती?

सातवीला शिकवणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे: चार अंकी संख्येचे (चारही अंक सारखे नसतील तर) अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी नेहमी ६१७४ च येते, तशी तीन अंकी संख्या आहे का? हो, आहे: ४९५. वरोरा तालुक्यातल्या तुमच्या सातवीच्या वर्गाला ६१७४ ची चार अंकी हातच्याची वजाबाकी जड जात असेल, तर हीच घ्या. रीत तीच, देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये दाखवलेली: अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करा. कापूस मोजल्याच्या पावतीवर ३८१ किलो असेल, तर

८३१ − १३८ = ६९३
९६३ − ३६९ = ५९४
९५४ − ४५९ = ४९५

आणि पुढे कितीही वेळा केलं तरी ४९५ च.

कारण मुलांना फळ्यावर नक्की दाखवा, खरी गंमत तिथेच आहे. मधला अंक दोन्हीकडे दशकस्थानीच राहतो, म्हणून तो उडून जातो. उरतं ते सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातल्या फरकाची ९९ पट. म्हणजे पहिल्याच वजाबाकीनंतर उत्तर ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१ या नवांपैकीच एक. हे नऊही हाताने करून पाहता येतात. सर्वांत लांबची वाट ०९९ ची: ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५. त्यामुळे कुठूनही निघा, जास्तीत जास्त सहा वजाबाक्यांत ४९५ ला पोहोचताच.

अट एकच, तिन्ही अंक सारखे नकोत. ४४४ घेतलं तर शून्य येतं. आणि ९९ आलं की ०९९ लिहायला सांगा, मुलं नेमकी तिथे पुढचं शून्य सोडतात.